रेल्वे अपघाताची चौकशी विमान खात्याकडे कशी गेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बालासोरच्या (ओडिशा, जून २०२३) अपघातानंतर बातम्यांत 'रेल्वे सुरक्षा आयुक्त' हे पद वाचनात आलं. शोधल्यावर कळलं की हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. हा काय प्रकार आहे? शिवाय आयुक्त शेवटी रेल्वेतूनच आलेले अधिकारी असतात, मग त्यांच्या चौकशीला अर्थ काय? आणि सरकारने रेल्वेच्या सुरक्षेवर नजर ठेवायला मुळात सुरुवात केली कधी?

प्रश्न तीन (आणि जाता जाता एक उपप्रश्न: अशा चौकशीत सामान्य माणसाने काय करायचं?) असले तरी गाभा एकच आहे. जो गाडी चालवतो त्यानेच अपघाताचा तपास करावा का, आणि करू नये तर मग करायचा कोणी? हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. विमान खात्याचं कोडं त्या वादातूनच जन्मलंय.

मी वाहतूक शाखेतला माणूस. स्टेशन मास्तर म्हणून लागलो आणि निवृत्तीच्या आधीची बरीच वर्षं विभागाच्या सेफ्टी शाखेत काढली. अपघाताच्या जागी जाणं, कागद जमवणं, चौकशीत जबान्या होताना बाजूला बसणं हे माझं काम. त्यामुळे उत्तर त्या खुर्चीतून दिसतं तसं आहे. सिग्नलवाल्याने किंवा पी-वेवाल्याने (म्हणजे रूळ सांभाळणाऱ्याने) लिहिलं तर जोर वेगळ्या ठिकाणी पडेल. आणि एक आधीच सांगतो: "चौकशी कोण करतं" याचं उत्तर अपघात कसला यावर ठरतं. प्रवासी गाडी की मालगाडी, माणूस गेला की नाही, मालमत्तेचं नुकसान किती, यावर कायद्याची वाट बदलते.

आता जुनी गोष्ट. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ती चालवणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) ही खाजगी कंपनी होती. पण १८४९ च्या कराराने ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी घेतली होती. नफा झाला नाही तर तूट सरकारी तिजोरीतून. म्हणजे खर्च कंपनीचा आणि जोखीम सरकारची. साहजिकच सरकारने आपली माणसं नेमली, त्यांना म्हणत कन्सल्टिंग इंजिनिअर. हे बहुतेक लष्करी इंजिनिअर. नकाशे, अंदाजपत्रकं, बांधकाम सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. आजच्या आयुक्तांचे पूर्वज ते हेच. थोडं कडू वाटेल, पण आपल्याकडे रेल्वेवरची सरकारी देखरेख पैसा कुठे मुरतोय हे बघायला सुरू झाली. प्रवाशाचा जीव त्यात मागाहून आला.

अर्थात दोन्ही गोष्टी फार काळ वेगळ्या राहत नाहीत. भोर घाटाची लाइन १८६३ ला उघडली आणि १८६७ च्या पावसाळ्यात तिथला एक मोठा दगडी पूल कोसळला. बांधून चार वर्षं झालेला पूल पडतो तेव्हा ठेकेदाराने वाचवलेला पैसा आणि प्रवाशाचा जीव एकाच कमानीखाली सापडतात. असा घाट कागदावरच्या देखरेखीवर चालत नाही हे तेव्हाच कळून चुकलं होतं. आजही कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी उतरताना गाडी ठरलेल्या जागी थांबते, ते बघितलं असेल. पुढे कॅच सायडिंग आहे. चालकाने गाडी थांबवून दाखवली, ब्रेक हातात आहेत हे सिद्ध झालं, की मगच काटे, म्हणजे गाडीची लाइन बदलणारे हलते रूळ, मेन लाइनला फिरतात. ब्रेक गेलेली गाडी सायडिंगच्या चढावर जाऊन रुतते. प्रवासी वैतागतात, पण हा थांबा जिवाचा आहे.

कायद्यांचं म्हणाल तर पहिला १८५४ चा. त्यात तिकीट, भाडं, माल आणि शिस्त यावर जास्त भर. नंतर १८७९ चा. खरा पाया घातला तो १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याने. त्याचं वर्ष लक्षात ठेवा, कारण त्याच्या आदल्याच वर्षी आयर्लंडमध्ये आर्माला मोठा अपघात झाला होता. १२ जून १८८९. सहलीला निघालेली, मुलांनी भरलेली गाडी चढावर अडकली. अर्धे डबे सोडून उरलेली गाडी पुढे न्यावी असं ठरलं. ते डबे मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली. तिथे व्हॅक्यूम ब्रेक होता, पण गाडी तुटली तर आपोआप लागणारा नव्हता. इन्स्पेक्टर लोक कित्येक वर्षं ओरडत होते की आपोआप लागणारा ब्रेक बसवा, ब्लॉक पद्धत (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी) पाळा, काटे आणि सिग्नल एकमेकांत अडकवा, म्हणजे इंटरलॉकिंग करा. कंपन्या म्हणत, परवडत नाही. आर्मानंतर अडीच-तीन महिन्यांत ब्रिटिश संसदेने तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या.

हे इथे सांगायचं कारण असं की ब्रिटनमध्ये १८४० पासून रेल्वे इन्स्पेक्टर होते आणि पन्नास वर्षं त्यांच्या हातात फक्त सांगणं होतं. चौकशी करा, अहवाल लिहा, छापा, कंपनीला लाज वाटेल अशी आशा करा. ती पद्धत अगदीच वाया गेली असं मी म्हणणार नाही. अहवाल छापून लोकांसमोर येत, त्याचा दबाव पडे. पण सल्ला आणि हुकूम यातला फरक आर्माने ८० माणसांच्या हिशेबात दाखवला. तो फरक आपल्याकडे अजून मिटलेला नाही. पुढे येतोच त्यावर.

आपल्या १८९० च्या कायद्याने सरकारी इन्स्पेक्टरचं काम नीट लिहून काढलं: नवी लाइन प्रवाशांसाठी योग्य आहे का ते बघायचं, चालू लाइनची वेळोवेळी तपासणी करायची, अपघाताची चौकशी करायची. प्रवाशाला चालत्या गाडीतून गार्ड-ड्रायव्हरला इशारा देता आला पाहिजे अशी सोय करायला लावण्याचा अधिकारही त्यात सरकारला होता. डब्यातल्या साखळीच्या मागे तो कायदा आहे.

मग १९०५ ला रेल्वे बोर्ड स्थापन झालं आणि तिथे गाडं घसरलं. इन्स्पेक्टर बोर्डाच्या हाताखाली गेले. तोवर बऱ्याच लाइनी सरकारने विकत घेतल्या होत्या किंवा घेत होतं. म्हणजे गाड्या चालवणाऱ्यांचा वरिष्ठ बोर्ड आणि त्यांना तपासणाऱ्याचाही वरिष्ठ बोर्डच. खाजगी कंपनी असताना सरकारी इन्स्पेक्टर निदान परका होता. सरकारच मालक झाल्यावर तो घरचा झाला.

हे चूक आहे हे कळत नव्हतं असं नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या १८१ व्या कलमात म्हटलं होतं की प्रवाशांच्या सुरक्षेची आणि अपघाताच्या चौकशीची कामं रेल्वे चालवणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र अशा व्यक्तींकडे असावीत. पण त्या कायद्यातला संघराज्याचा भाग कधी अमलातच आला नाही आणि कलम कागदावर राहिलं.

ते कागदावरून उठलं बिहट्यामुळे. १७ जुलै १९३७ ला पाटण्याजवळ बिहटा इथे पंजाबहून हावड्याला जाणारी एक्सप्रेस रुळावरून उतरली आणि शंभराहून जास्त माणसं मेली. गाडीला एक्सबी जातीचं पॅसिफिक इंजिन होतं. ही इंजिनं वेगात डावी-उजवीकडे झोले घेतात, ट्रॅक वाकवतात, अशा तक्रारी आधीपासून होत्या. न्यायालयीन चौकशी झाली, तिथे अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन थॉम बसले होते, आणि बोट इंजिनाकडे वळलं. आता पेच बघा. ही इंजिनं घेण्याचा निर्णय रेल्वे बोर्डाचा. अपघाताचा तपास करणारा सरकारी इन्स्पेक्टर त्याच बोर्डाचा नोकर. त्याने लिहायचं काय? "माझ्या साहेबांनी घेतलेलं इंजिन वाईट होतं" असं?

पुढे या इंजिनांचा अभ्यास करायला पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी नेमली गेली. अध्यक्ष होते लेफ्टनंट कर्नल माउंट, ब्रिटनचे मुख्य रेल्वे इन्स्पेक्टर. त्यांना विषय दिला होता इंजिनाचा, पण १९३९ च्या अहवालात त्यांनी इन्स्पेक्टरच्या नेमणुकीवरही बोट ठेवलं: तपासणारा माणूस बोर्डाच्या हाताखाली राहता कामा नये. १९४० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने तसा ठराव केला. मे १९४१ मध्ये इन्स्पेक्टरांना बोर्डापासून तोडलं.

तोडलं ते ठेवायचं कुठे? स्वतंत्र खातं काढण्याएवढी ही मंडळी नव्हती, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे अधिकारी. तेव्हा टपाल आणि हवाई वाहतूक असं एक जोडखातं होतं, त्यात बसवलं. स्वातंत्र्यानंतर तीच शेपटी दळणवळण खात्यात आली. १ नोव्हेंबर १९६१ ला नाव बदलून 'रेल्वे सुरक्षा आयोग' झालं. १९६७ मध्ये पर्यटन आणि नागरी विमान वाहतूक असं मंत्रालय झालं, तिकडे आयोगाची रवानगी झाली आणि तो तिथेच राहिला. मुख्य आयुक्तांचं कार्यालय लखनौला, खाली नऊ सर्कल, त्यातली मध्य आणि पश्चिम ही दोन मुंबईला.

म्हणजे विमानाचा आणि रुळाचा काही तांत्रिक संबंध आहे म्हणून हे झालेलं नाही. घोळ म्हणावा असंही काही नाही. मुद्दा एवढाच होता की रेल्वे मंत्रालय सोडून कुठेही ठेवा. पावसात भिजू नये म्हणून सामान शेजाऱ्याच्या ओसरीवर ठेवलं आणि ऐंशीहून जास्त वर्षं तिथेच राहिलं, तसं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आयुक्त रेल्वेतूनच आलेले असतात त्याकडे. खरं आहे. ते रेल्वे सेवेतले अनुभवी अधिकारी असतात. माझं मत स्पष्ट सांगतो: हा मुद्दा लोक समजतात तेवढा गंभीर नाही. इंटरलॉकिंगचा सर्किट डायग्राम वाचता न येणारा निवृत्त न्यायाधीश बसवून तपास सुधारत नाही. मी ज्या चौकशा पाहिल्या त्यांत आयुक्तच सर्वांत अवघड प्रश्न विचारायचे, कारण कुठे काय लपवलं जातं हे त्यांना नोकरीतूनच ठाऊक होतं. दोष माणूस कुठून आला यात नाही. त्याने लिहिलेल्या शिफारशीचं पुढे काय होतं, यात आहे. अहवालातली शिफारस रेल्वे बोर्डाकडे जाते. बोर्ड मान्य करतं, अंशतः मान्य करतं किंवा कारण देऊन नाकारतं. आयुक्ताला हुकूम काढता येत नाही. १८८९ च्या आधीचा ब्रिटिश इन्स्पेक्टर आठवा.

पण एका जागी त्याला खरे दात आहेत, आणि ही गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही. आजचा कायदा १९८९ चा, १ जुलै १९९० पासून लागू. त्याच्या कलम २१ प्रमाणे मंजुरीशिवाय कुठलीही लाइन प्रवाशांसाठी उघडता येत नाही आणि कलम २२ प्रमाणे ती मंजुरी आयुक्ताच्या तपासणीवर अवलंबून असते. नवी स्टेशनं, जंक्शनं, फाटकं, रचनेत मोठा फेरफार, या सगळ्याला तोच नियम. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या मेट्रोचा नवा टप्पा तयार असूनही "सीआरएस (सुरक्षा आयुक्तांची) तपासणी बाकी" म्हणून अडलाय अशी बातमी येते, ती याच जातीच्या तपासणीची. मेट्रोचा कायदा वेगळा, पण तत्त्व एक. मंत्र्याची उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, पत्रिका छापलेल्या असतात, आणि एक माणूस "अजून नाही" म्हणू शकतो. अपघातानंतरच्या शंभर पानी अहवालापेक्षा या "अजून नाही"ने जास्त जीव वाचवले असतील, असं माझं अनुभवाचं मत आहे.

ही तपासणी कशी होते ते सांगण्यासारखं आहे. मोटर ट्रॉल्यांचा ताफा निघतो. पुढच्या ट्रॉलीवर आयुक्त, मागे विभागाचे सगळे इस्त्री केलेले अधिकारी. पूल आला की थांबायचं, खाली उतरायचं, बेअरिंग बघायचं. वक्रावर गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि क्रॉस लेव्हल (दोन रुळांच्या उंचीतला फरक) मोजायची. एका नव्या फाटकावर आयुक्तांनी आमच्या कोणालाच काही विचारलं नाही. सरळ गेटमनला म्हणाले, "फाटक उघडं ठेव आणि मास्तरला सिग्नल द्यायला सांग." पॅनेलवर बटण दाबलं, सिग्नल आला नाही, तेव्हा पुढे सरकले. मग फाटक बंद करून, सिग्नल देऊन, "आता उघडून दाखव." फाटकाचा दांडा हलला नाही. मग गेटमनला लाल झेंडा, दिवा, फटाके (चालकाला सावध करायला रुळावर लावतात ते) दाखवायला लावलं आणि रुळावर ट्रक अडकला तर तू आधी कुठल्या दिशेला पळशील ते विचारलं. गेटमनला घाम फुटला होता, पण उत्तर बरोबर दिलं. शेवटी पूर्ण वेगाची चाचणी, आणि मग कागदावर किती वेगाने, कुठल्या अटींवर गाडी चालवायची ते येतं.

हे झालं उघडण्याचं. रोजच्या कामाचं काय? तिथे आयुक्त नसतो, असूही शकत नाही. सिग्नलचा मेंटेनर एखाद्या काट्याचं किंवा फाटकाचं काम काढतो तेव्हा मास्तरकडे डिस्कनेक्शनचा मेमो देतो, टी-३५१. मास्तरने सही केली की तो काटा किंवा फाटक नियमित वापरातून बाहेर. त्यावरून गाडी न्यायची तर वेगळी पद्धत, हळू, काटे क्लॅम्प करून. काम झालं, तपासून झालं, की रिकनेक्शन. कागद अगदी साधा आहे. पण मेमो दिल्याक्षणी गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन वाजायला लागतो: "किती वेळ? दोन गाड्या उभ्या आहेत, मागे राजधानी आहे." ज्याने ती खुर्ची सांभाळली त्याला सांगायला नको की तपासायला लागणारी दहा मिनिटं कुठून कापली जातात.

२ जून २०२३ ला बहानगा बाजारला, म्हणजे प्रश्नातल्या बालासोरच्या अपघातात, काय झालं ते याच जागेवर आहे. कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मेन लाइनचा मिळाला, काटा मात्र लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनला, होता. गाडी लूपमध्ये उभ्या मालगाडीवर गेली आणि मग बाजूच्या बंगळुरू–हावडा गाडीलाही धक्का बसला. २९० हून अधिक माणसं गेली. आयुक्तांच्या अहवालाने कारण दिलं: स्टेशनच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत (सिग्नलची यंत्रं ठेवायच्या खोलीत) आधी कधीतरी सर्किटमध्ये केलेल्या फेरफारातली चूक, आणि त्या दिवशी ९४ नंबरच्या फाटकाचा बॅरिअर बदलताना केलेलं वायरिंग. म्हणजे एक जुनी चूक कपाटात शांत बसून होती आणि नव्या कामाने ती जागी केली. कायद्याने बांधलेलं दार उत्तम होतं, पण चोर खिडकीतून आला. तुम्ही "नियम आहेत मग अपघात का" असं विचाराल तर माझं उत्तर हे आहे: उघडताना आपण कडक आहोत, चालू असताना हात बदलतात तिथे ढिले.

चौकशी कधी आयुक्त करतात हे कलम ११३ आणि ११४ मध्ये आहे. प्रवासी गाडीला अपघात होऊन माणूस गेला, प्रवाशाला कायमचं अपंगत्व आणणारी इजा झाली किंवा रेल्वेच्या मालमत्तेचं मोठं नुकसान झालं, तर ते येतात. सरकारने चौकशी आयोग नेमला तर आयुक्तांची चौकशी थांबते. बाकी सगळं, म्हणजे संख्येने बहुतेक सगळंच, खात्यांतर्गत चौकशीत जातं.

आणि खात्यांतर्गत चौकशी म्हणजे काय ते एका रात्रीवरून सांगतो. यार्डात मालगाडीचे दोन वॅगन उतरले. कोणी जखमी नाही, त्यामुळे आयुक्त नाहीत. पहाटे तीनला जॉइंट नोट, म्हणजे सगळ्या शाखांची एकत्र नोंद, करायला आम्ही चौघे बसलो: पी-वे, कॅरेज-वॅगन (डबे सांभाळणारे), लोको (इंजिनवाले) आणि वाहतूक. जिथे चाक रुळावर चढलं तिथे खडूने शून्य लिहिलं, मागे-पुढे स्लीपरवर आकडे टाकत गेज मोजत गेलो. पी-वेवाले म्हणाले, चाकाची फ्लँज (चाक रुळावर धरून ठेवणारी कड) झिजून धारदार झालीय, बघा. कॅरेजवाले म्हणाले, फ्लँज मर्यादेत आहे, तुमचा गेज सैल आहे. पी-वेवाले म्हणाले, तो उतरलेल्या चाकांनी आता सैल केला. लोकोवाले स्पीडचा चार्ट काढेपर्यंत दोघांनीही ठरवून टाकलं होतं की ड्रायव्हरने वेग वाढवला असणार. सकाळ झाली तेव्हा नोटवर तीन वेगळी मतं आणि चार सह्या होत्या. यात कोणी बदमाश नव्हतं. ज्याच्या शाखेवर ठपका त्याच्या शाखेतल्या कोणाला तरी शिक्षा, हे सगळ्यांना माहीत असतं. मग माणूस खरं कारण शोधण्यापेक्षा आपलं नाव त्यात नाही ना हे आधी बघतो. १९४१ ला इन्स्पेक्टरला बाहेर काढलं ते नेमकं यासाठी, फक्त ते मोठ्या अपघातांपुरतंच राहिलं.

स्वातंत्र्यानंतरच्या समित्यांबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण त्यांचं वाचन मजेचं नाही. १९५६ मध्ये महबूबनगर आणि मग अरियलूर, दोन्हीकडे पावसाच्या पाण्याने पूल दगावले. पहिल्या वेळी लालबहादूर शास्त्रींचा राजीनामा नेहरूंनी घेतला नाही, दुसऱ्या वेळी घ्यावा लागला. ते उदाहरण आजही प्रत्येक अपघातानंतर निघतं. माझ्या मते राजीनामा ही सचोटी झाली, नियमन नव्हे. पुढच्या पावसात पुलाखालचं पाणी कोण मोजणार, हे त्याने ठरत नाही. नंतर कुंझरू, वांछू, सिक्री अशा समित्या दर काही वर्षांनी आल्या. १९९८ च्या न्यायमूर्ती खन्ना समितीने मात्र वर्मावर बोट ठेवलं: बदलायला झालेले रूळ, पूल आणि सिग्नल यांचा ढीग साठलाय, आधी पैसे द्या. त्यातून २००१ मध्ये १७,००० कोटींचा विशेष निधी झाला. त्या पैशाचं काम रुळावर डोळ्यांनी दिसलं, हे मी साक्षीने सांगू शकतो.

मग डॉ. अनिल काकोडकर. त्यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेला अहवाल मला या सगळ्यांत जास्त धीट वाटतो. पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी खर्च करा, लेव्हल क्रॉसिंगं काढा, आणि रेल्वे बोर्डाच्या बाहेर कायद्याने उभी, अधिकार असलेली सुरक्षा प्राधिकरण संस्था नेमा. पैशाचं काही अंशी झालं, २०१७ मध्ये तेवढ्याच आकड्याचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष आला. ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली फाटकं २०१९ च्या जानेवारीअखेर संपली, ही फार मोठी गोष्ट आहे. तसं प्राधिकरण मात्र आलं नाही. नेहमी तेच होतं बघा: खर्चाची शिफारस पुढे सरकते, अधिकार काढून दुसऱ्याला देण्याची शिफारस कपाटात जाते.

त्याच अहवालात मुंबईकरांनी वाचावा असा एक भाग आहे. रूळ ओलांडताना आणि तत्सम कारणांनी देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसं मरतात आणि त्यातली ६,००० च्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असा त्यांचा अंदाज होता. समितीने त्याला हत्याकांड म्हणायला कमी केलं नाही. ही माणसं "गाडीच्या अपघाता"च्या व्याख्येत बसत नाहीत. लोकलमधून पडून माणूस गेला तर १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १२४-अ खाली घरच्यांना क्लेम्स ट्रिब्युनलकडे भरपाई मागता येते. पण तो का पडला याची आयुक्ताकडून आपोआप चौकशी होत नाही. भरपाईच्या कायद्याला ती घटना दिसते, तपासाच्या कायद्याला दिसत नाही. १८९० ला कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टक्कर आणि घसरलेली गाडी होती, दाराला लटकलेला विरारचा माणूस नव्हता.

कामाच्या तासांचा उल्लेख कोणी करत नाही म्हणून करतो. दमलेला ड्रायव्हर सिग्नल चुकवतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, तरी कायद्यात तास यायला १९३० उजाडलं. ते नीट बसवले मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने. कोणाचं काम "सततचं", कोणाचं "कडक", कोणाचं "अधूनमधूनचं", विश्रांती किती, हे सगळं त्यांनी लावून दिलं. रोस्टर भिंतीवर टांगलेला असतो, तो त्यांच्यामुळे. आणि माणसं कमी असली की पहिला बळी त्या रोस्टरचाच जातो.

कोकणातल्या वाचकांसाठी जवळचं उदाहरण. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड आली, सुट्टीची विशेष गाडी त्यावर गेली, पन्नासच्या आसपास माणसं दगावली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक, कमी केलेला वेग, रात्रंदिवस गस्त, कापलेल्या डोंगरांना जाळ्या, पर्जन्यमापकं, हे सगळं घट्ट झालं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर चालकाने ताशी ४० वर यायचं. दरवर्षी लोक विचारतात, पावसाळ्यात गाडी तास-दोन तास जास्त का घेते? कारण समोर दगड दिसल्यावर थांबता येईल एवढाच वेग ठेवलाय. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतल्या चांगल्या नियमांत मी याला वरचा नंबर देईन. तो महाग आहे, लोकांना आवडत नाही, आणि तरी टिकवलाय.

शेवटी, प्रश्नात "सामान्य माणसाने काय करायचं" असा एक उपप्रश्न होता. आयुक्तांची चौकशी ठरली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते: अमुक तारखेला अमुक ठिकाणी बसणार आहोत, ज्याला माहिती आहे त्याने यावं किंवा लिहून पाठवावं. समोर रेल्वेचे पन्नास कर्मचारी असतात आणि प्रवासी बहुधा एकही नसतो. तुम्ही त्या गाडीत असाल तर लिहा. मतं नकोत, कोण दोषी ते नको. डबा कुठला, बाजू कुठली, वेळ घड्याळाने पाहिली की अंदाजाने. आधी ब्रेक लागल्यासारखं वाटलं की आधी धक्का बसला. त्याआधी काही मिनिटं डबा नेहमीपेक्षा हलत होता का, खालून खडखड येत होती का. दिवे गेले ते धक्क्याच्या आधी की नंतर. यातलं नक्की आठवत नसेल ते "आठवत नाही" म्हणून लिहा. स्पीडचा चार्ट, पॅनेलची नोंद आणि ट्रॅकचे आकडे टेबलावर असतात, त्यांच्याशी प्रवाशाचं एक वाक्य जुळलं की तीन शाखांचं भांडण मिटताना मी पाहिलंय.